चौथ्या रांगेपर्यंत कांद्याचा वास: नगरसेवकांना खुलं पत्र

प्रति,
नगराध्यक्ष, नगरसेविका आणि नगरसेवक,
महाराष्ट्रातल्या सर्व नगरपरिषदा

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. गेली २७ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे पत्र एका नगरपरिषदेला लिहिलेलं नाही. आमच्या गावात जे आहे आणि जे नाही, ते थोड्याफार फरकानं तुमच्याही गावात असणार.

जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी मी आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर एक एकपात्री नाटक पाहिलं. नाटकाचं आणि नटीचं नाव सांगितलं तर तुम्ही तिचा सत्कार कराल, शाल-नारळ द्याल आणि विषय तिथंच संपेल, म्हणून तेही सांगत नाही. मला बोलायचं आहे ते त्या माडीबद्दल.

माडी म्हणजे पूर्वी जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवायची लांबट खोली. गावातल्या पाच-सहा मुलामुलींनी ती झाडून घेतली, खिडक्यांना काळे पडदे शिवले, कॉलेजातून मोडीत निघालेले बाक आणून त्यांना पाय लावले आणि मागच्या दोन रांगा उंच केल्या. पुढं सतरंजी, मग खुर्च्या, मग ते बाक. दाटीवाटीनं नव्वद माणसं बसतात. रंगमंच असा नाहीच. सतरंजी संपते तिथं नाटक सुरू होतं. चार दिवे आणि त्यांचा उजेड कमी-जास्त करणारा एक डिमर, तोही कुणाकडून तरी मागून आणलेला. तिसरी घंटा म्हणजे वाचनालय बंद करताना ग्रंथपाल काका वाजवतात ती पितळी घंटा. तिच्या आधी एका मुलीनं येऊन सांगितलं, "पंखे बंद करतोय, आवाज होतो. जरा सोसून घ्या."

माझ्याबरोबर सासूबाई होत्या आणि सातवीच्या तीन मुली. त्यातली एक टोळीतली. आमच्या भागात दसरा-दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गावाबाहेर पाचटाच्या खोपी उभ्या राहतात, आणि त्यांच्यातली थोडी मुलं आमच्या शाळेत येऊन बसतात. ही मुलगी तिसऱ्या वर्षी आलेली. वर्गात बोलत नाही. विचारलं तर मान हलवते.

नाटक होतं ते ऊसतोडीतल्या एका बाईचं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना टोळीचा हिशोब माहीत असेल, तरी लिहिते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या एका कोयत्यावर मिळते. एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता. या बाईचा नवरा गेलेला आहे आणि मुकादम तिला उचल द्यायला तयार नाही, कारण ती आता अर्धी आहे. ती जोडीदार शोधत फिरते. दीर, भाऊ, शेजारची विधवा, शेवटी स्वतःची तेरा वर्षांची लेक. ही सगळी माणसं ती एकटीच करते. पदर डोक्यावर, पदर कमरेला, पदर खांद्यावर टाकून पुरुषासारखा झटकलेला; बदल एवढाच. मोळी बांधताना तिच्या हातात ऊसही नव्हता आणि वाढंही, म्हणजे उसाचा हिरवा शेंडाही नव्हता, तरी गाठ आवळताना तिच्या मनगटाची शीर उठलेली मला दिसली. मी तिसऱ्या रांगेत होते.

मध्यावर ती भाकरी खायला बसते. कागदात गुंडाळलेली खरी भाकरी, खरा कांदा. कांदा तिनं मुठीनं फोडला. खोलीत कुणी हललं नाही. दोन मिनिटं ती नुसती खात होती, बोलणं नाही, संगीत नाही. कांद्याचा वास आमच्यापर्यंत आला, मागं चौथ्या रांगेपर्यंत गेला. मागं कुणीतरी आवंढा गिळल्याचंसुद्धा ऐकू आलं.

त्याच वेळी खालून वरात गेली. डीजे लावलेला, माडीची फळी थरथरत होती. तिनं प्रयोग थांबवला नाही आणि आवाजही चढवला नाही. घास हातात धरून ती तशीच बसून राहिली, उसाच्या फडाजवळून दुसऱ्याचं लग्न जाताना एखादी बाई बसेल तशी. वरात लांब गेली तेव्हा तिनं तो घास तोंडात घातला. नाटकात हे लिहिलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

सत्तर मिनिटांत संपलं. दिवे लागले तेव्हा टोळीतली ती मुलगी मला म्हणाली, "बाई, तिला आमच्यावानी बोलायला कुणी शिकवलं?" तीन वर्षांत तिनं मला आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मग ती जिना उतरेपर्यंत बोलत होती. मुकादम असाच बोट नाचवतो म्हणाली. खाड्याचे पैसे कसे कापतात ते सांगितलं. कांदा बुक्कीनं फोडायचा तर देठ वर ठेवायचा, ताईनं आडवा ठेवला होता, तेवढं चुकलं म्हणाली.

आता माझं म्हणणं. हेच नाटक आमच्या नगरपरिषदेच्या मोठ्या नाट्यगृहात झालं असतं तर त्या मुलीला मनगट दिसलं नसतं, आणि कांदा आडवा होता की उभा हे कुणालाच कळलं नसतं. आमचं नाट्यगृह आठशे खुर्च्यांचं आहे. तुमच्याकडंही साधारण तसंच असेल, नाहीतर तसं बांधायचा ठराव तरी झालेला असेल. गाव लहान असो, मोठं असो, नाट्यगृह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एकच चित्र येतं: रुंद रंगमंच, मखमली पडदा, बाल्कनी, समोर गाड्या लावायला मैदान. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उभं राहिलं, आणि त्यानंतर आपल्या सगळ्यांना आपापल्या गावात तसंच एक हवंसं वाटलं. त्यात चूक काहीच नाही. मोठी नाट्यगृहं हवीतच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा मी घरात बसून रडले आहे. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभी राहिलेली ती वास्तू. माझ्या वडिलांनी मला पहिलं संगीत नाटक तिथं दाखवलं. संगीत नाटकाला, वीस माणसांच्या संचाला, दोन मजली नेपथ्याला तेवढी जागा लागतेच.

पण प्रत्येक नाटकाला ती लागत नाही, आणि काही नाटकं तर तेवढ्या जागेत मरतात. एकपात्री त्यांतलं पहिलं. तुम्ही म्हणाल, लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये पन्नासहून जास्त माणसं एकट्यानं उभी केली आणि मोठमोठी नाट्यगृहं भरवली. पु. लं.नी १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्यानं केली, ती काय माडीवर? खरं आहे. मीही ते प्रयोग ध्वनिमुद्रणांवर ऐकत वाढले. पण ते हसण्याचे प्रयोग होते, आणि हशा समोरून मागं स्वतःच पसरत जातो; पुढच्या दहा रांगा हसल्या की मागच्या दहा हसतात. शांतता तशी पसरत नाही. गप्प बसून भाकरी खाणारी बाई विसाव्या रांगेतल्या माणसाला फक्त गप्प बसलेली दिसते. तो मोबाइल काढतो, आणि त्याच्या जागी मी असते तरी काढला असता.

एका माणसाचं नाटक आपल्या गावांना परकं नाही, हेही सांगायला हवं. देवळात कीर्तन आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पूर्वरंगात निरूपण झालं की उत्तररंगात आख्यान, आणि आख्यानात तोच बुवा राजा होतो, तोच दासी होतो, उपरणं डोक्यावरून घेऊन तोच आईसारखा रडतो. ते ज्या सभामंडपात चालतं त्याची मापं कधी घेऊन बघा. आमच्याकडं तरी शंभर-दीडशे माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढाच तो असतो, आणि ध्वनिक्षेपक नसतानाही माणसाचा साधा आवाज तिथं शेवटच्या खांबापर्यंत पोचतो. आमच्या सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीता स्वयंवर' चा प्रयोग केला तो संस्थानिकांच्या आश्रयानं, राजवाड्यातल्या जागेत. सांगलीत नाट्यगृह नावाची वास्तू त्या नाटकानंतर आली.

शाळेबद्दल तर मला हक्कानं बोलता येतं. १९७४ पासून मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात आविष्कार संस्थेनं नाटकं करायला सुरुवात केली, आणि मराठीतल्या प्रायोगिक नाटकाची एक अख्खी चळवळ त्या शाळेच्या नावानं ओळखली जाते. दिवसा मुलं, संध्याकाळी नाटक. तिथून बाहेर पडल्यावर आविष्कारचं काम माहीमला महापालिकेच्या शाळेत चाललं. महापालिकेच्या शाळेत! म्हणजे मी तुमच्याकडं जे मागते आहे ते या राज्यात होऊन गेलेलं आहे. सुषमा देशपांड्यांनी १९८९ मध्ये 'व्हय मी सावित्रीबाई' सुरू केलं आणि गावोगावी एकटीनं त्याचे प्रयोग केले. सावित्रीबाईंचं बोलणं शाळेच्या खोलीत ऐकायला मिळावं, याहून योग्य जागा मला सुचत नाही. ३ जानेवारीला आपण सगळे फोटोला हार घालतो. त्याच शाळेत त्याच संध्याकाळी असा एखादा प्रयोग ठेवता आला तर?

तेव्हा विनंती ही की, नवं काही बांधू नका. तुमच्या ताब्यातल्या शाळांची यादी काढा. पट कमी झाल्यामुळे ज्यांच्या खोल्या रिकाम्या आहेत, ज्यांना तळमजल्यावर एखादा हॉल आहे, अशी एक शाळा निवडा. तळमजला मी मुद्दाम म्हणते. वाचनालयाच्या माडीचं कौतुक मी एवढं केलं, पण तिचा लाकडी जिना चढताना सासूबाईंना दोनदा बसावं लागलं. त्यांचं वय ७४. चाकाच्या खुर्चीतलं माणूस तर तिथं पोचूच शकत नाही. जिनाही एकच, आणि केशवराव भोसले नाट्यगृह जळताना बघितल्यापासून कुठंही गेलं की मी आधी दुसरा दरवाजा शोधते. नव्वद माणसांच्या खोलीला बाहेरच्या बाजूला उघडणारे दोन दरवाजे, तपासलेलं वायरिंग, भरलेले अग्निशामक आणि दिव्यांसाठी पंख्यांपासून वेगळी वीजजोडणी, एवढं तुमच्याच अभियंत्याला सांगून होतं.

बाकी गरजा फार साध्या आहेत आणि त्या मला त्या नटीनं सांगितल्या. प्रयोगानंतर ती आमच्याकडं जेवायला होती. खिडक्यांना जाड काळे पडदे, म्हणजे दुपारीही अंधार होतो आणि बाहेरचा आवाज थोडा कमी येतो. पत्र्याचं छप्पर नको. पावसाळ्यात वाक्य ऐकू येत नाही. मागच्या रांगांना उंची, कारण नटाचे पाय दिसले नाहीत तर अर्धं नाटक जातं. फरशीवर सतरंजी, नाहीतर आवाज घुमतो. आणि कपडे बदलायला आतून कडी लागणारी एक खोली. हे सांगताना ती जरा थांबली. एका ठिकाणी तिनं पुस्तकांच्या कपाटामागं साडी बदलली होती, मैत्रीण चादर धरून उभी होती. बाईमाणसानं एकटीनं गावोगाव फिरून नाटक करायचं तर कडी आणि स्वच्छ संडास या दोन गोष्टी डिमरच्या आधी येतात.

तिचा हिशोबही मी विचारला, आणि तिनं वही उघडून दाखवला. त्या रात्री दीडशे रुपयांची ८६ तिकिटं गेली, म्हणजे १२,९०० रुपये. वाचनालयाला २,००० दिले. दिवे चालवणाऱ्या मुलाचे, एसटीचे, ट्रंकेच्या हमालीचे वजा जाता तिला काहीतरी उरलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी जाण्याइतकं उरलं, हे महत्त्वाचं. मोठ्या नाट्यगृहात भाडं, वीज, ध्वनियंत्रणा आणि अनामत भरल्यावर तिला पदरचे घालावे लागले असते. आणि पैशाहून वाईट म्हणजे, आठशे खुर्च्यांत ८६ माणसं बसली की प्रयोग पडला म्हणतात. तीच ८६ माणसं माडीवर बसली तेव्हा काकांनी खाली पाटी लावली होती, 'जागा शिल्लक नाही'.

अडचणी मला ठाऊक आहेत, मी त्याच खात्यात उभी हयात काढली आहे. कार्यक्रमाला हॉल दिला की सकाळी पायरीवर गुटख्याच्या पुड्या सापडतात, बाक मोडतात, फळ्यावर कुणीतरी काहीतरी लिहून ठेवतं आणि बोलणी मुख्याध्यापकांना खावी लागतात. म्हणून किल्ली कुणाला, अनामत किती, झाडून कोण देणार, हे शाळा व्यवस्थापन समितीला विचारून आधी लिहून ठेवावं. लग्न, वाढदिवस आणि पक्षाच्या बैठका यांना तो हॉल देऊ नये. एकदा दिला की नाटकाला तारीख मिळणार नाही. थांबणाऱ्या शिपायाला तेवढ्या तासांचा भत्ता मिळावा. आजवर असे सगळे उपक्रम शिपायांच्या फुकटच्या कष्टांवर चालत आले आहेत, ते बरं नाही. तारखांचा तक्ता नोटीस बोर्डावर उघड लागावा, आणि एकदा दिलेली तारीख ऐन वेळच्या सत्कारासाठी काढून घेऊ नये. तालुक्याच्या गावात येणारा नट दोन गावांचे प्रयोग जोडून येतो. एक तारीख गेली की दोन्ही जातात.

आणखी एक, थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. पास मागू नका. नव्वद खुर्च्यांत पहिली रांग नऊ जणांची असते. ती राखीव ठेवली तर कलाकाराचं तेराशे-साडेतेराशेचं नुकसान होतं, आणि बऱ्याचदा ती रांग शेवटपर्यंत रिकामीच राहते. नट त्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघत काम करतो. तुम्ही तिकीट काढून, घरच्यांना घेऊन, तिसऱ्या-चौथ्या रांगेत येऊन बसा. नाटक सुरू होण्याआधी कुणाचं भाषण नको, दीपप्रज्वलन नको. पंखे बंद होतील तेव्हा दहा मिनिटं त्रास होईल, मग लक्षातही राहणार नाही.

वाचनालयाच्या मुलांना माडी अजून चार शनिवार मिळणार आहे. पुढं छताचं काम निघालंय आणि नंतर तिथं स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका होणार आहे. त्याबद्दलही माझी तक्रार नाही, गावातल्या मुलांना ती हवीच आहे. पण या मुलांनी शिवलेले काळे पडदे घड्या घालून कुणाच्या तरी माळ्यावर जातील, आणि मग ते खाली काढणारं कुणी राहणार नाही.

ती मुलगी पाडव्याच्या आधी परत जाईल. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळ्या एका रात्रीत निघतात. ती पुन्हा विचारते आहे, "बाई, ती ताई परत कधी येणार?" नटीला मी फोन केला. ती मार्चच्या दुसऱ्या शनिवारी यायला तयार आहे. आमच्या शाळेचा हॉल तळमजल्यावर आहे, मापून पाहिला, ९५ माणसं बसतात. मुख्याध्यापकांची हरकत नाही. अर्ज दिलेला आहे. त्यावर नगरपरिषदेची एक सही हवी आहे. तुमच्या गावातही असा एखादा अर्ज कुणाच्या तरी टेबलावर असेल, तर तो शोधून वर काढावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका